वेणीचं फडकं: सुती विणकामाच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

यावर्षी ठरवलंय की लोकरीचं काही करायचं नाही. घरात स्वेटर आहेत, मफलर आहेत, आणि इंदूरची थंडी तरी अशी किती, जानेवारीतले पंधरावीस दिवस. मला हवंय ते स्वयंपाकघरातलं फडकं. भांडी पुसायचं, सुती, हाताने विणलेलं, आणि त्यावर वेणी. म्हणजे ज्याला सगळे केबल म्हणतात ती वीण.

कारण साधं आहे. बाजारातून आणलेली ती मऊमऊ रंगीत फडकी पाणी नुसतं इकडून तिकडे फिरवतात, ताटावर रेघा तशाच. आमच्याकडे इतकी वर्षं आईंच्या (माझ्या सासूबाई) जुन्या सुती पातळांची फडकी होती, त्यांच्यासारखं पुसणारं दुसरं काही नाही, पण आता आईच सुती नेसत नाहीत रोज, तर जुनी पातळं येणार कुठून. शेवटचं फडकं दिवाळीच्या साफसफाईत मसोतं झालं आणि आता त्याचं पोतेरं व्हायची वेळ आलीय.

दुपारी राजवाड्याच्या मागच्या गल्लीत लोकरवाल्याकडे गेले. त्याने आधी चमकणारे गुंडे दाखवले, रंग इतके सुरेख की हात सुटत नव्हता, पण ते मर्सराइज केलेलं सूत, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून चमक आणलेलं. क्रोशाच्या रुमालाला, तोरणाला छान, भांड्यांना नको, गुळगुळीत असतं, मला साधं न चमकणारं हवं होतं. मग त्याने वरच्या फळीवरून कोन (शंकूच्या आकाराच्या नळीवर गुंडाळलेलं सूत) काढला, कोरं सूत, आठ पदरी, ४०० ग्रॅम, रंग ताकासारखा. म्हणाला, "दीदी, ये तो झोले-वोले बनाने वाले ले जाते हैं." म्हटलं द्या, मला हेच पाहिजे.

सुया घरच्याच. आईंच्या पेटीत ६ नंबरपासून १२ नंबरपर्यंत सगळ्या जोड्या आहेत, रबरबँड लावून ठेवलेल्या. नवीन शिकणाऱ्यांसाठी सांगते, आपल्याकडच्या जुन्या नंबरात आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. ७ नंबर म्हणजे साडेचार मिलीमीटर, ८ म्हणजे चार, १० म्हणजे सव्वातीन. नेटवरच्या अमेरिकन पॅटर्नमध्ये आकडे उलटे चढतात, तिकडे जाड सुईला मोठा नंबर, म्हणून नेहमी मिलीमीटर बघायचे.

२ डिसेंबर

ऑफिसमधून आल्यावर कोनवरच्याच सुताचा छोटा नमुना विणला, १० सेंटीमीटर उंच. आणि त्यावर पाणी टाकून बघितलं तर थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला! आत शिरेचना. मी घाबरलेच, म्हटलं एवढा ४०० ग्रॅमचा कोन आणला आणि हे सूत पाणीच पीत नाही.

बाबा (सासरे) हॉलमध्ये बातम्या बघत होते. ते मिलमध्ये होते, आधी रिंगखात्यात (सूतकताईत) आणि मग बरीच वर्षं साच्यांवर, म्हणजे मागांवर. त्यांनी नमुना हातात घेतला, अंगठ्याने चोळला आणि म्हणाले, "अगं हे कोरं आहे. कापसाच्या तंतूला अंगचं मेण असतं, ते निघाल्याशिवाय ते पाणी घेणार नाही. मिलमध्येसुद्धा कोरं कापड आधी सोड्यात उकळायचे, मगच पुढे धुलाई आणि रंग."

मला हे अजिबात माहीत नव्हतं. इतकी वर्षं या घरात आहे, आणि बाबांना सुताबद्दल काही विचारावं असं कधी सुचलंच नाही.

३ डिसेंबर

आज सगळा कोन उकळला. आधी लडी करावी लागली, कोनसकट उकळता येत नाही, आतपर्यंत पाणी पोचत नाही. खुर्ची उलटी करून तिच्या दोन पायांवर सूत गुंडाळत गेले, चार ठिकाणी दुसऱ्या दोऱ्याने इंग्रजी आठच्या आकड्यासारखं सैल बांधलं, घट्ट बांधलं तर तिथे सोडा जात नाही आणि डाग राहतात.

मी अॅल्युमिनियमचं मोठं पातेलं काढलं होतं, बाबांनी लगेच थांबवलं, धुण्याचा सोडा अॅल्युमिनियमला खातो, पातेलंही काळं पडेल आणि सूतही. मग स्टीलचं घेतलं. अंदाजे पाच लिटर पाणी, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, थोडी साबणाची पूड, आणि मंद आचेवर तासभर. दर दहा मिनिटांनी लाकडी डावाने लडी खालीवर केली. पाणी अर्ध्या तासातच फिक्या चहासारखं पिवळट झालं, आणि घरभर एक वास पसरला, ओल्या सरकीसारखा. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "हाच. कोरं कापड उकळायचं ना, तिकडून जाताना हाच वास." आणि मग बराच वेळ तिथेच उभे होते.

लडी तीनदा गार पाण्यात खंगाळली आणि गच्चीवर दोरीवर घातली, खाली एक भरलेली पाण्याची बाटली लटकवून, म्हणजे सूत सरळ सुकतं आणि पीळ पडत नाही.

कालचा नमुनाही त्याच पातेल्यात टाकला होता. १० सेंटीमीटर होता, सुकल्यावर मोजला तर ९. म्हणजे आधी विणून मग धुतलं असतं तर अख्खं फडकं असं आटलं असतं. हे आधीच कळलं ते बरं झालं.

५ डिसेंबर

सूत सुकलं. रंग ताकावरून दुधावर आलाय. त्यावर थेंब टाकला की टाकताक्षणी गायब. लेकीला दाखवलं, तिने आठ-दहा थेंब टाकून बघितले.

रात्री लडीचे गुंडे केले, लेकीने दोन्ही हातांवर लडी धरली होती, तिचे हात दुखेपर्यंत. ७ नंबरच्या सुयांवर सुलट-उलट (विणकामातले दोन मूळ टाके) ओळींचा नमुना: १८ टाक्यांत १० सेंटीमीटर. ८ नंबरवर जास्त घट्ट बसत होतं, पोत्यासारखं कडक, म्हणून ७ नक्की.

८ डिसेंबर, रविवार

सुरुवात. मला साधारण २३-२४ सेंटीमीटरचा चौकोन हवाय. दहा सेंटीमीटरला १८, म्हणजे २३ ला ४२ टाके, असा हिशोब करून ४२ घातले. दोन्ही बाजूंना चार-चार टाके साबुदाणा विणीची कड (एक सुलट एक उलट, पुढच्या ओळीत सुलटावर उलट आणि उलटावर सुलट, दाणे दाणे उठतात म्हणून साबुदाणा), मध्ये दोन उलट आणि सहा सुलट, दोन उलट आणि सहा सुलट अशा चार वेण्या.

वेणी घालायची कशी ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सहा सुलट टाक्यांपैकी पहिले तीन एका जादा छोट्या सुईवर उचलायचे आणि ती सुई कामाच्या पुढे लोंबत ठेवायची, मग मागचे तीन सुलट विणायचे, आणि मग जादा सुईवरचे तीन सुलट. बस्स, टाक्यांनी जागा बदलली, वेणी डावीकडे झुकली. जादा सुई पुढे न ठेवता मागे ठेवली तर उजवीकडे झुकते. असं दर आठव्या ओळीत. मधल्या ओळी जशा दिसतात तशा विणायच्या.

लोकरीत हे मी डोळे मिटून करते, पण सुताला ताण म्हणून नसतो. लोकर ओढली की लांब होते आणि सोडली की परत येते, सूत ओढलं की फक्त बोट कापतं. पहिल्या चार वेण्यांनी उजव्या हाताची तर्जनी लाल झाली.

११ डिसेंबर

चार बोटं उंची झाली आणि टेबलावर ठेवलं तर खालची कड झालरीसारखी उठतेय. पट्टी लावली. खाली कड २३, मध्ये वेण्यांच्या भागात १९! मी दाबून बघितलं, ओढून बघितलं, काही नाही, ओढलं तर वेण्या विस्कटतात आणि सोडलं की परत तेच.

आईंकडे घेऊन गेले. त्यांच्या बोटांची पेरं सुजतात हल्ली, चारपाच वर्षं झाली त्यांनी सुया हातात घेतल्या नाहीत, पण काम बघायला दिलं की त्यांचे हात आपोआप टाके मोजायला लागतात. त्यांनी लेकीला जवळ बोलावलं, तिचे केस मोकळे करून पाठीवर पसरले आणि मला म्हणाल्या, "हे बघ, किती रुंद? वीतभर. आता वेणी घाल." घातली. "आता?" दोन बोटं.

"मग फडक्याला वेगळा नियम आहे का? वेणी घातली की रुंदी जाणारच. तू केस तेवढेच घेतलेस आणि पाठभर वेणी मागतेयस."

लोकरीत हे मला कधी जाणवलंच नाही कारण लोकर ओढून-ताणून, वाफ देऊन जागेवर आणता येते, पंधरा-वीस टक्के फरक ती पोटात घेते. सूत काही पोटात घेत नाही. जे असेल ते समोर ठेवतं.

सगळं उसवलं. उसवून गुंडाळताना सूत जरासुद्धा तुटलं नाही की पिंजारलं नाही.

१३ डिसेंबर

कालपासून ऑफिसच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब चाललाय. ४२ टाक्यांचे मध्ये १९ सेंटीमीटर होतात, तर २३ ला साधारण पन्नास लागतील. पण पन्नास खाली कडेलाही घातले तर कड २८ ची होईल आणि झालर आणखी मोठी. म्हणून कडेला कमी टाके ठेवायचे, आणि वेण्या सुरू व्हायच्या आधीच्या ओळीत वाढवायचे, शेवटी वेण्या संपल्या की तेवढेच कमी करायचे.

तर असं ठरलं: ४० टाके, साबुदाण्याच्या सहा ओळी. मग वाढीची ओळ: कडेचे ४, नंतर दोन उलट आणि चार सुलट असे पाच वेळा, दोन उलट, कडेचे ४, बेरीज बरोबर ४०. त्या प्रत्येक चार सुलटांत दोन टाके वाढवून सहा करायचे. पाच वेण्या, दहा टाके, ४० चे ५०. वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचलून त्याच्या मागच्या बाजूने विणायचा, पुढून विणला तर तिथे भोक राहतं आणि सुतात ते भोक धुतल्यावरही बुजत नाही.

मधल्या भागाच्या ४८ ओळी, वेणी पडणार ५, १३, २१, २९, ३७ आणि ४५ व्या ओळीत.

आईंना हिशोब वाचून दाखवला. म्हणाल्या, "कडेची बाही अशीच करायचे मी. मनगटाला कमी, वर एकदम वाढवायचे." म्हणजे त्यांना हे माहीत होतंच, फक्त मी विचारलं नव्हतं.

१७ डिसेंबर

कड सपाट! पट्टी ठेवली, खाली २३, वेण्यांत २२ आणि वर थोडं. आज खूप बरं वाटतंय.

पण आता दुसरं दिसायला लागलं, एकदा दिसलं की तेच दिसतं. प्रत्येक वेणीच्या डाव्या काठाचा शेवटचा सुलट टाका ढगळ. बाकीचे पाच नीट आणि सहावा सैल, वरून खालपर्यंत एक ओबडधोबड रेघ. उजवा काठ सुरीने कापल्यासारखा सुबक आहे आणि डावा असा.

शनिवारी रात्री दिव्याखाली हळूहळू विणून बघितलं की नेमकं होतंय काय. सुलट विणताना दोरा कामाच्या मागे असतो. पुढचा टाका उलट, म्हणून दोरा सुयांच्या मधून पुढे आणावा लागतो, आणि मग उलट टाक्याला तो सुईला वरून वळसा घालतो. या येण्यात आणि वळशात थोडा जास्तीचा दोरा जातो, आणि तो जास्तीचा दोरा सरकत शेजारच्या टाक्यात, म्हणजे वेणीच्या शेवटच्या टाक्यात जमा होतो. लोकर फुगीर असते, ती हे झाकते. सूत झाकत नाही.

नुसतं ओढून बघितलं, दोन ओळींत बोट परत लाल. मग दुसरी युक्ती केली, फक्त वेणीनंतरच्या पहिल्या उलट टाक्यापुरती. दोरा सुईच्या वरून न नेता खालून घ्यायचा आणि तसाच ओढून काढायचा. खालचा रस्ता जवळचा आहे, दोरा कमी लागतो. त्यामुळे तो टाका सुईवर तिरपा, उलट्या पायाने बसतो, म्हणून परतीच्या ओळीत तो मागच्या बाजूने विणायचा म्हणजे परत सरळ होतो. तेवढं विसरायचं नाही, विसरलं तर टाक्याला पीळ पडतो.

बारा ओळी अशा केल्या. डावा काठ उजव्यासारखा झाला. खालच्या ओळींत ढगळ, वरती सुबक, एकाच तुकड्यावर दोन्ही शेजारी शेजारी दिसतायत. उसवणार नाही. हे पहिलं फडकं माझ्याच ओट्यावर राहणार आहे.

२१ डिसेंबर, शनिवार

जादा सुई न वापरता वेणी घालून बघितली, लोकरीत मी तसंच करते, तीन टाके मोकळे सोडून चिमटीत धरायचे आणि पटकन उचलायचे. लोकरीचे टाके एकमेकांना धरून बसतात. सुताचे नाही. एक टाका निसटला आणि चार ओळी खाली गेला, क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणला. त्यानंतर परत जादा सुईच. माझ्याकडे केबलची वाकडी सुई नाही, आईंची मोज्यांची दोन टोकांची छोटी सुई वापरतेय, ती ९ नंबरची, कामाच्या सुईपेक्षा बारीक, ते मुद्दाम. जाड घेतली तर टाके ताणले जातात.

२२ डिसेंबर, रविवार

मोठी चूक सापडली. चौथी वेणी २१ व्या ओळीत उलटी फिरलीय. सगळ्या डावीकडे आणि ती एकटी उजवीकडे. मी आत्ता ३२ व्या ओळीवर, म्हणजे अकरा ओळी वर येऊन गेले, आणि मध्ये २९ ची वेणीही पडलीय. त्या दिवशी शेजारच्या काकू आल्या होत्या, बोलता बोलता जादा सुई पुढे ठेवायच्या ऐवजी मागे गेली असणार.

अख्ख्या बारा ओळी उसवायच्या नव्हत्या, पन्नास टाक्यांच्या. म्हणून फक्त त्या वेणीचे सहा टाके सोडले. आधी २० व्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून शिवणाचा लाल दोरा ओवून घेतला, म्हणजे टाके त्याच्या खाली जाऊच शकत नाहीत. मग सहाच्या सहा टाके सुईवरून काढून एकेक ओळ खाली उतरवले. बाकी काम सुईवर तसंच आणि मधोमध ही सहा टाक्यांची विहीर, आडवे धागे शिडीसारखे एकावर एक, बारा पायऱ्या. लेक म्हणाली, "आई, आता हे गेलं." मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मोज्यांच्या दोन छोट्या सुया घेतल्या, तळातले सहा टाके एकीवर, आणि सगळ्यात खालच्या आडव्या धाग्याने ते सहा विणले, तीन पुढे, तीन मागे, यावेळी बरोबर बाजूने. मग त्याच्या वरचा धागा, त्याने पुढची ओळ. मग वरचा. इथे नवीन दोरा येत नाही, जो आडवा धागा आहे तेवढाच मिळतो, म्हणून पहिले टाके सैल घेतले तर शेवटच्यांना पुरत नाही. तीन ओळी नीट जमायला अर्धा तास लागला, मग हात बसला. २९ ची वेणी परत घातली. पावणेदोन तासांनी सहा टाके मोठ्या सुईवर परत.

आईंनी पूर्ण वेळ बाजूला बसून बघितलं, एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी काम हातात घेऊन उलटसुलट केलं, ती वेणी कुठली ते त्यांना सापडलं नाही.

२६ डिसेंबर

पाहुणे होते, विणकाम चारच ओळी.

२८ डिसेंबर

केबल म्हणजे जहाजाचा दोरखंड, या विणीचं नाव तिकडून आलंय. आयर्लंडच्या पश्चिमेला अॅरन नावाची तीन बेटं आहेत, तिथले वेण्यावेण्यांचे पांढरे स्वेटर जगभर प्रसिद्ध आहेत. ते पूर्वी न धुतलेल्या लोकरीचे विणायचे, मेंढीच्या अंगचं तेल लोकरीत तसंच ठेवून, म्हणजे समुद्राचं पाणी आत शिरू नये. आणि मी इथे लोकमान्य नगरच्या घरात तासभर सूत उकळून त्याचं मेण काढलं, पाणी आत शिरावं म्हणून. वीण तीच. आज विणताना सारखं हेच मनात येत होतं, बाबांनाही सांगितलं. बाबा म्हणाले, मर्सराइजचं पण तसंच, १८४४ च्या सुमाराला जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाने कापूस तीव्र कॉस्टिकमध्ये घालून बघितला, तंतू फुगून गोल झाला, पुढे तो ताणून धरायला शिकले तेव्हा चमक आली. "सूत एकच, त्याला काय करता त्यावर आहे."

३० डिसेंबर

पूर्ण! ४८ ओळी झाल्यावर कमी करायची ओळ, प्रत्येक वेणीत दोनदा दोन टाके एकत्र, ५० चे परत ४०. साबुदाण्याच्या सहा ओळी आणि टाके बंद. बंद करताना एक नंबर जाड सुई घेतली, सुतात बंदाची ओळ नेहमी आवळते. कोपऱ्यातला शेवटचा टाका न संपवता त्यावर बारा साखळ्या क्रोशाने घालून अडकवायला कडी केली.

दोऱ्याची टोकं लपवताना काळजी घेतली. लोकरीत चार टाक्यांतून ओवलं की राहतं. सूत गुळगुळीत, ते दोन धुण्यांत बाहेर येतं. एका दिशेने ओवून परत फिरून दुसऱ्या दिशेने ओवायचं, आणि उलट टाक्यांच्या दाण्यांमधून.

वजन ५५ ग्रॅम. रुंदी २३, उंची साडेचोवीस.

१ जानेवारी २०२५

गरम पाण्यात धुतलं, पिळलं, ओढून चौकोन केला आणि टॉवेलवर पसरून सुकवलं. साडेबावीस बाय साडेतेवीस. बस्स एवढंच आटलं, उकळून घेतल्याचा फायदा.

मग खरी परीक्षा. सकाळच्या जेवणाची सगळी भांडी, सहा ताटं, अकरा वाट्या, चार पेले, कुकरचे डबे. ताटावर फिरवलं की वेणीचे उंचवटे आधी लागतात आणि मधल्या उलट टाक्यांच्या खाचेत पाणी जातं. रेघ नाही. वाटीच्या आतल्या काठाला वेणीचा उंचवटा अगदी बरोबर बसतो, बोट न घालता काठ कोरडा होतो. सगळं पुसून झाल्यावर फडकं वजनाला लावलं: ११८ ग्रॅम. ६३ ग्रॅम पाणी त्याने घेतलं होतं आणि हाताला अजून गळत नव्हतं.

एक खोट आहे ती लिहिते. रात्री नऊला अडकवलेलं फडकं सकाळी सहाला वेण्यांच्या पोटात दमट होतं. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत ही गत, तर जुलै-ऑगस्टमध्ये वास येणार. वेणीत दोन थर एकमेकांवर चढतात, पाच वेण्या म्हणजे जवळजवळ सगळं फडकंच दुहेरी.

५ जानेवारी

दुसरं फडकं सुरू. पाचऐवजी तीन वेण्या, आणि त्याही सहाच्या नाही, चार टाक्यांच्या (दोनावर दोन), मधल्या जागेत साबुदाणा. ४० टाके, वाढ फक्त सहा टाक्यांची, कारण वेणी कमी म्हणजे आटणं कमी. नमुन्यावर आधी मोजून घेतलं यावेळी.

साबुदाणा विणीला आईंचे हात चालतात! वेणी उचलायला बोटं वाकत नाहीत, पण एक सुलट एक उलट त्या करू शकतात, हळू, पण करतात. कडेच्या सहा ओळी त्यांनी विणल्या. माझ्यापेक्षा त्यांचे दाणे एकसारखे आहेत.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी तिळगूळ, गच्च्यांवर पतंग. दुसरं परवाच झालं, वजन ४४ ग्रॅम, रात्रीचं अडकवलेलं सकाळी खडखडीत. पुसायला पहिलं किंचित सरस आहे हे खरं, पण रोजच्या वापराला दुसरंच.

यावर्षी हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत असं आईंनी जाहीर केलं. वाण म्हणून ही फडकी. सगळ्यांना पुरणार नाहीत हे उघड आहे, म्हणून बाकीच्यांना हरभरे, ऊस, बोरं आणि तिळाच्या वड्या, आणि ज्यांच्याकडे आमचं रोजचं जाणंयेणं आहे त्या तिघींना फडकं. रथसप्तमी ४ फेब्रुवारीला आहे, तोवर आणखी दोन होतील, आई आणि मी मिळून. कडा त्यांच्या, वेण्या माझ्या.

२५ जानेवारी

तिसरं झालं. चौथ्याची वाढीची ओळ आज.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

तिन्ही दिली. वाण घेताना शेजारच्या काकूंनी उलगडून बघितलं, "अगं हे भांड्यांना? मी तर यात पोळ्या गुंडाळेन." मी त्यांना हात जोडून सांगितलं की भांड्यांनाच वापरा, हे पुसण्यासाठीच विणलंय, वापरलं नाही तर सूत मऊ होणार नाही, आणि खराब झालं तर मी दुसरं देईन. कडेची वीण आईंची आहे हे कळल्यावर त्या आईंशेजारी जाऊन बसल्या आणि दोघींचं मुंड्याचे टाके कसे कमी करायचे यावर बराच वेळ चाललं होतं.

पहिलं फडकं महिनाभर रोज वापरात आहे. चौथ्या वेणीशेजारी हळदीचा डाग पडलाय, उन्हात फिका झालाय पण गेला नाही. रुंदी परत मोजली, साडेबावीस. ढगळ टाके धुऊन धुऊन बरेच आत बसले, तरी ती रेघ मला दिसते. दर रविवारी थोड्या सोड्यात उकळते, स्टीलच्याच पातेल्यात.

गुंड्यांत अजून दीडशे ग्रॅम सूत आहे. पावसाळ्यासाठी एक करायचंय, दोनच वेण्या, दोन्ही कडांना, आणि मध्ये नुसता साबुदाणा, म्हणजे मधला भाग एकेरी राहील आणि लवकर सुकेल. आईंनी दुपारी ४० टाके घालून ठेवलेत.